बायोप्रोसेसचं डिझाईन आणि किलोमागचा खर्च : लॅबच्या आकड्यांवरून कितपत सांगता येतं?

पेशीपालक

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते इथे मांडतोय, जरा लांबण आहे पण सगळं सांगितल्याशिवाय उत्तर देणाऱ्याला काही कळणार नाही. आमच्याकडे एक यीस्टचा स्ट्रेन (वाण) आहे, साखरेपासून सेंद्रिय आम्ल बनवतो. नाव सांगता येणार नाही, पण गुणधर्म बरेचसे लॅक्टिक आम्लासारखे धरून चाला. १० लिटरच्या फर्मेंटरमध्ये (किण्वनाच्या टाकीत) ४८ तासांत लिटरला ८० ग्रॅम मिळतं (हाच आमचा टायटर), साखरेवर यील्ड ०.५, म्हणजे एक ग्रॅम साखरेतून अर्धा ग्रॅम आम्ल. हवा लागते, तापमान ३० अंश, पीएच ६ च्या आसपास चुन्यानं धरून ठेवतो.

आता वरून विचारणा आलीय की वर्षाला १०,००० टनांचा प्लांट टाकला तर किलोमागे खर्च किती येईल. मी सूक्ष्मजीवशास्त्राचा माणूस, स्ट्रेनबद्दल काहीही विचारा, पण प्लांटचं डिझाईन आणि कॉस्टिंग कधी केलेलं नाही. एका सहकाऱ्याचं म्हणणं असं की लॅबमध्ये लिटरमागे जो मीडियाचा (पेशींना वाढवायच्या खाद्यद्रवाचा) खर्च येतो त्याला गुणून टाकायचं, बाकी काही टक्के वर धरायचे. मला ते पटत नाही पण का पटत नाही ते सांगताही येत नाही. सुरुवात कुठून करायची? आणि टायटर वाढवायच्या मागे लागू की यील्डच्या?

हिशोबनीस

चांगला धागा काढलात. मीडियाचा खर्च गुणिले लिटर हा रस्ता खरंच सोडून द्या, कारण लॅबचा मीडिया शुद्ध रसायनांचा असतो आणि प्लांटमध्ये तो कोणी वापरत नाही, शिवाय वाफ, वीज, पाणी, सांडपाणी आणि भांडवल यातलं काहीच त्या आकड्यात येत नाही.

माझी पद्धत सांगतो. पैसे सगळ्यात शेवटी. आधी कागदावर एकच गोष्ट लिहायची : तयार झालेला, पिशवीत भरलेला १ किलो माल. त्यासाठी आत काय काय गेलं आणि बाहेर काय काय पडलं. हा मास बॅलन्स एकदा बसला की खर्चाचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. तुमचेच आकडे घेऊ. डाउनस्ट्रीमची, म्हणजे किण्वनानंतर माल वेगळा आणि शुद्ध करण्याची, एकूण रिकव्हरी ८५ टक्के धरू (ती तुम्ही सांगितली नाहीत, आणि लॅबवाले बहुतेक वेळा सांगतच नाहीत). मग १ किलो मालामागे साखर लागेल १ भागिले ०.५ भागिले ०.८५, म्हणजे २.३५ किलो. साखरेचा भाव किलोला १ एकक धरा. म्हणजे बाकी काहीही मोजायच्या आधी तुमचा माल साखरेच्या २.३५ पट महाग होऊन बसला. बाजारात या आम्लाचा भाव साखरेच्या अडीच पट असेल तर विषय इथेच संपला, पुढे टाक्या मोजायची गरजच नाही.

आणि इथेच थिअरीची मर्यादा बघून घ्यायची. साखरेपासून इथेनॉल कितीही सुंदर स्ट्रेन आणला तरी ग्रॅमला ०.५१ च्या वर जाणार नाही, कारण बाकीचा कार्बन कार्बन डायऑक्साइड म्हणून उडून जातो. लॅक्टिकला तीच मर्यादा १.० आहे, एका ग्लुकोजचे सरळ दोन लॅक्टिक होतात. तुमची मर्यादा कुठे आहे ते काढा. मर्यादा १ च्या जवळ असेल तर ०.५ वर बसून राहणं म्हणजे विकत घेतलेली निम्मी साखर जाळून टाकणं.

आता टाक्या. वर्षाचे ३३० दिवस म्हणजे ७,९२० तास. बॅच ४८ तासांची, त्यावर टाकी रिकामी करणं, धुणं, निर्जंतुक करणं, भरणं मिळून १२ तास, म्हणजे ६० तासांचं एक चक्र. एका टाकीतून वर्षाला १३२ बॅच. तयार माल १०,००० टन हवा तर ब्रॉथमध्ये (टाकीतल्या द्रवात) ११,७६५ टन बनायला हवा. घनमीटरला ८० किलो या हिशोबानं एकावेळी साधारण १,११५ घनमीटर ब्रॉथ टाक्यांत उभा पाहिजे. टाकी ८० टक्केच भरायची, वर फेसाला आणि हवेनं फुगणाऱ्या ब्रॉथला जागा लागते, म्हणजे एकूण आकारमान १,४०० च्या आसपास. २०० घनमीटरच्या ७ टाक्या. वर सीडच्या, म्हणजे पेरणीपुरती यीस्ट आधी वाढवायच्या, टाक्या वेगळ्या.

आता गंमत बघा, यातला १२ तासांचा आकडा कोणीच गांभीर्यानं घेत नाही. तो २४ केला, म्हणजे सीआयपीला (टाकी न खोलता जागच्या जागी धुण्याला) वेळ लागतोय, वाफ एकावेळी एकाच टाकीला पुरतेय, अशा अगदी रोजच्या कारणांनी, तर चक्र ७२ तासांचं होतं आणि टाक्या ७ च्या ९ होतात. स्ट्रेन तोच, टायटर तोच.

वाफ_आणि_पाणी

हिशोबनीस यांनी सात टाक्या काढल्या त्या बरोबर आहेत, पण त्या टाक्या चालतील का हे कोणी बघितलं नाही अजून. मी युटिलिटीच्या (वाफ, पाणी, हवा, वीज) बाजूचा माणूस आहे म्हणून मला आधी हवा आणि उष्णता दिसते, तेवढं लिहितो.

पेशीपालक, तुमची साखर तासाला लिटरमागे ३.३ ग्रॅम खपतेय (८० भागिले ०.५ भागिले ४८). त्यातली निम्मी आम्लात जाते, निम्मी जळते असं धरू. पेशी बनायला गेलेली साखर तूर्त सोडून दिली, म्हणजे हा वरच्या बाजूचा अंदाज झाला. १.६७ ग्रॅम साखर पूर्ण जळायला ५५ मिलिमोल ऑक्सिजन लागतो. ही सरासरी. बॅच सपाट चालत नाही, मधल्या काही तासांत चढ येतो, तेव्हा १०० मिलिमोल प्रति लिटर प्रति तास धरून डिझाईन करावं लागेल. मोठ्या टाकीत हा आकडा गाठता येतो पण तो बऱ्यापैकी वरचा आहे, त्याच्या दुप्पट मागितलंत तर साध्या हवेवर अवघड होत जातं.

१०० मिलिमोल म्हणजे लिटरला तासाला ३.२ ग्रॅम ऑक्सिजन. आणि पाण्यात हवेतून विरघळतो किती, तर ३० अंशाला लिटरमध्ये साडेसात-आठ मिलिग्रॅम. म्हणजे हवा बंद पडली तर ब्रॉथमधला साठा नऊ सेकंदांत संपतो. नऊ सेकंद! कॉम्प्रेसर, जनरेटर, ढवळणीची मोटर यांना स्टँडबाय का लागतो ते यावरून कळावं, आणि तो स्टँडबाय पण तुमच्या भांडवली खर्चात धरायचा असतो.

आता उष्णता. हवेवर चालणाऱ्या किण्वनात जवळपास कुठलाही जीव घ्या, एका मोल ऑक्सिजनमागे सुमारे ४६० किलोज्यूल उष्णता निघते. हा आकडा पाठच करून ठेवा. १०० मिलिमोलला ती होते घनमीटरमागे १२.८ किलोवॅट. तुमच्या टाकीत १६० घनमीटर ब्रॉथ, म्हणजे २ मेगावॅटपेक्षा जरा जास्त. ढवळणीची वीज पण शेवटी उष्णताच होते, घनमीटरला दीड किलोवॅट धरली तर आणखी २४० किलोवॅट. एका टाकीतून २.३ मेगावॅट बाहेर काढायचेत.

जॅकेटनं (टाकीच्या भिंतीबाहेरून फिरणाऱ्या थंड पाण्यानं) निघतील का? २०० घनमीटरची टाकी, उंची व्यासाच्या तिप्पट, तर व्यास ४.४ मीटर येतो, बाजूची भिंत १८० चौरस मीटर. भिंतीतून दर चौरस मीटरला दर अंशाला ५०० वॅट जातात असं धरू, आणि ब्रॉथ ३० ला, कूलिंग टॉवरचं पाणी त्याच्या जेमतेम ५ अंश खाली (उन्हाळ्यात तेवढं पण मिळत नाही). निघते फक्त साडेचारशे किलोवॅट. गरजेच्या पाचवा हिस्सा. तुमच्या १० लिटरच्या फर्मेंटरला घनमीटरमागे जवळपास २५ चौरस मीटर भिंत मिळते, या टाकीला ०.९. म्हणून लॅबमध्ये ही अडचण कधीच दिसली नाही आणि दिसणारही नाही.

मग आत कॉइल (थंड पाण्याच्या नळ्या) घाला, चिलर लावा, दोन्ही करा. बाहेर हीट एक्स्चेंजर लावून ब्रॉथ फिरवायचं ठरवलं तर वरचे नऊ सेकंद लक्षात ठेवा, पाइपातून अर्धा मिनिट फिरून येणाऱ्या पेशी तेवढा वेळ ऑक्सिजनविना असतात. चिलर चालवायला २.३ मेगावॅट उष्णतेमागे अर्धा मेगावॅट वीज कुठेही जात नाही.

हवेचं पण तसंच. लॅबमध्ये १ व्हीव्हीएम (मिनिटाला ब्रॉथच्या आकारमानाएवढी हवा) सहज सोडतो आपण. तेच १६० घनमीटरला केलं तर तासाला ९,६०० घनमीटर हवा, ती ३ बारपर्यंत दाबायला ५०० किलोवॅटच्या आसपास कॉम्प्रेसर, फक्त एका टाकीला. उंच टाकीत बुडबुडा वर यायला जास्त वेळ घेतो आणि तळाशी दाब असतो म्हणून निम्म्या हवेत भागतं, पण ते तपासून घ्यायचं, गृहीत धरायचं नाही.

स्ट्रेन निवडणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, ३० ऐवजी ३८-४० अंशाला वाढणारा स्ट्रेन असेल तर तो आधी बघा. तापमानातला फरक ५ वरून १३-१५ अंशांवर जातो, चिलर बहुतेक लागतच नाही. टायटर पाच टक्के कमी असला तरी असा स्ट्रेन परवडू शकतो.

पेशीपालक

बापरे. तापमानाकडे आम्ही कधी खर्च म्हणून बघितलंच नव्हतं, ३० ला वाढ चांगली दिसली म्हणून ३० ठेवलं इतकंच. दोन प्रश्न. एक, सात टाक्यांऐवजी चार मोठ्या टाक्या घेतल्या तर स्वस्त पडेल ना? आणि दोन, टाकीचा भाव माहीत नसताना भांडवली खर्च काढायचा कसा?

हिशोबनीस

दोन्हीचं उत्तर एकाच नियमात आहे, ०.६ चा नियम. यंत्राची किंमत आकाराच्या ०.६ व्या घाताप्रमाणे वाढते. आकार दुप्पट केला तर किंमत दीडपट, दहापट केला तर साधारण चौपट. म्हणजे २०० च्या ७ टाक्यांऐवजी ३५० च्या ४ घेतल्या तर एक टाकी १.४ पट महाग, चार मिळून ५.६, म्हणजे टाक्यांवर वीसेक टक्के वाचले. पण वाफ_आणि_पाणी यांनी जे लिहिलंय ते आणखी बिघडतं, भिंत घनमीटरमागे अजून कमी मिळते, ढवळून सगळीकडे सारखं व्हायला जास्त वेळ लागतो, आणि एक बॅच कंटॅमिनेट झाली तर २८० घनमीटर ब्रॉथ एकदम सांडपाण्यात जातो. वर्षात पाच टक्के बॅच फुकट जाणार असं धरलंत तर सातच्या आठ टाक्या लागतात हे पण लिहून ठेवा. शिवाय सात टाक्या असल्या की त्या साडेआठ-नऊ तासांच्या अंतरानं सुरू करता येतात, त्यामुळे वाफेची, हवेची आणि थंडाव्याची मागणी एकमेकींवर चढत नाही, डाउनस्ट्रीमला पण माल सारखा येत राहतो. चार टाक्यांत तेच अंतर १५ तासांचं होतं. मी तरी सातच ठेवीन.

भाव कुठून आणायचा, तर जुन्या कोटेशनवरून किंवा छापलेल्या अभ्यासांतून, मग ०.६ नं आकार जुळवायचा आणि इंडेक्सनं साल जुळवायचं. केमिकल प्लांटसाठी सीईपीसीआय नावाचा इंडेक्स वापरतात. तो २००१ साली सुमारे ३९४ होता, २०२२ साली ८१६, म्हणजे तेच यंत्र दुपटीपेक्षा महाग. जुन्या अभ्यासातला आकडा साल न बघता उचलला की सगळा हिशोब निम्म्यावर येतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

यंत्रांची बेरीज म्हणजे प्लांटची किंमत नाही. पाइपिंग, इन्स्ट्रुमेंट, पाया, इमारत, वीज, इंजिनिअरिंग हे सगळं मिळून किती पट होतं त्याला लँग फॅक्टर म्हणतात, हान्स लँग यांनी १९४० च्या दशकात तो मांडला, द्रव पदार्थांच्या प्लांटसाठी ४.७४. म्हणजे यंत्र एक रुपयाचं तर उभा प्लांट पावणेपाच रुपयांचा. निर्जंतुक पाइपिंग आणि झडपा जिथे जास्त तिथे हा फॅक्टर आणखी काळजीनं बघायचा.

आणि या टप्प्यावरच्या अंदाजाची अचूकता किती हे वरच्यांना आधीच सांगा. एएसीई या खर्चाचे अंदाज करणाऱ्या इंजिनिअरांच्या संस्थेच्या वर्गवारीत याला पाचवा वर्ग म्हणतात, खाली २० ते ५० टक्के आणि वर ३० ते १०० टक्के इकडेतिकडे होऊ शकतं. किलोमागचा खर्च दोन दशांश स्थळांपर्यंत देऊ नका, पट्टा द्या.

भांडवल किलोवर आणायला : १० टक्के परतावा आणि २० वर्षं धरली तर दरवर्षी भांडवलाच्या ११.७५ टक्के वसूल व्हायला हवेत. ते भागिले वर्षाचा माल. प्लांट पहिल्या वर्षी ६० टक्केच चालला तर हा भार किलोमागे १.६७ पट होतो, हे पण एका ओळीत दाखवा.

गाळणी

उशिरा आलो धाग्यावर. सगळे फर्मेंटरबद्दल बोलताहेत, तिथून पुढचं कोणीच नाही. आम्लांच्या धंद्यात डाउनस्ट्रीम आणि मीठ यांतच खर्च दडलेला असतो.

पेशीपालक, तुम्ही सहज लिहून गेलात की पीएच चुन्यानं ६ ला धरतो. त्याचा अर्थ असा की तुमच्या टाकीत आम्ल बनतच नाही, कॅल्शियमचं मीठ बनतं. लॅक्टिकचा पीकेए (ज्या पीएचला निम्मं आम्ल मिठाच्या रूपात जातं तो आकडा) ३.८६ आहे, पीएच ६ ला जवळपास सगळं मीठच. ते परत आम्ल करायला सल्फ्युरिक आम्ल घालावं लागतं आणि जिप्सम खाली बसतं. लॅक्टिकचाच हिशोब करू : १ किलो आम्लामागे चुना ०.४१ किलो, सल्फ्युरिक ०.५४ किलो, आणि बाहेर पडतं ०.९६ किलो जिप्सम. ब्रॉथमधल्या ११,७६५ टनांमागे वर्षाला ११ हजार टनांवर ओलं, ब्रॉथनं मळलेलं जिप्सम. विकायच्या मालापेक्षा टाकायचा माल जास्त. ते न्यायचं कुठे, कोण घेणार, परवानगी काय, गाळताना त्याच्याबरोबर किती आम्ल चिकटून जाणार, हे सगळे खर्च त्या एका 'पीएच ६' मधून येतात.

म्हणून तर कमी पीएचला तग धरणारी यीस्ट एवढी मोलाची. लॅक्टिकमध्ये कारगिलनं तशी यीस्ट आणली ती याच कारणानं. सायट्रिकचं ॲस्परजिलस नायजर तर पीएच २ च्या आसपास काम करतं, न्यूट्रलायझेशन नाही आणि एवढ्या आंबट पाण्यात बाकीचे जंतू पण फारसे येत नाहीत. तुमचा स्ट्रेन यीस्टच आहे, मग पीएच ३-३.५ ला चालवून बघितलात का? टायटर ८० चा ६० झाला तरी मी म्हणेन हिशोब करून बघा.

दुसरं पाणी. ८० ग्रॅमचा टायटर आणि ८५ टक्के रिकव्हरी म्हणजे १ किलो मालामागे १४.७ लिटर ब्रॉथ. त्यातलं १३-१४ किलो पाणी उडवायचं झालं तर साध्या एका इफेक्टच्या (एकाच टप्प्यात पाणी उडवणाऱ्या) इव्हॅपोरेटरला ३० मेगाज्यूल लागतात. चार-पाच इफेक्ट लावले की वाफ साधारण तेवढ्या पटीनं कमी होते पण यंत्र तेवढंच महाग, म्हणजे खर्च वाफेतून भांडवलात सरकला. टायटर १० असता तर पाणी शंभर किलोच्या वर गेलं असतं, तिथे इव्हॅपोरेटरचा विचारच सोडावा लागतो.

तिसरं, रिकव्हरी ८५ धरलीत ती कशावरून? पेशी वेगळ्या करणं, ॲसिडिफिकेशन आणि जिप्सम गाळणं, आयन एक्स्चेंज, इव्हॅपोरेशन, क्रिस्टलायझेशन, पाच टप्पे. प्रत्येकात ९५ टक्के मिळाले तर शेवटी ७७ उरतात. ८५ हवे असतील तर प्रत्येक टप्प्यात ९६.८ पाहिजेत. रिकव्हरी ७५ झाली तर साखर किलोमागे २.३५ ची २.६७ होते, आणि टाक्या पण त्याच प्रमाणात वाढतात. म्हणजे डाउनस्ट्रीममधली गळती तुम्ही फर्मेंटेशनमध्ये दुसऱ्यांदा भरता.

धडपड्या_संशोधक

थोडा विरोध नोंदवतो. टायटर वाढवला की यातलं बहुतेक सुटतं की, टाक्या कमी, पाणी कमी, इव्हॅपोरेटर लहान. आम्ही फेड बॅचमध्ये साखर सोडत राहून, बॅच लांबवून टायटर बराच वर नेलाय, पेशीपालक यांनी आधी तेच करावं असं माझं मत.

हिशोबनीस

बॅच लांबवून की वेग वाढवून, यात फार फरक आहे. त्यांच्याच आकड्यांवर करून बघू. ४८ च्या ऐवजी ६६ तास चालवून टायटर १०० केला. चक्र ७८ तासांचं, वर्षाला टाकीमागे १०१ बॅच. आकारमान येतं १,४५६ घनमीटर, म्हणजे सातच्या आठ टाक्या! टायटर पंचवीस टक्के वाढला आणि टाकी एक वाढली. पाणी मात्र कमी झालं, १४.७ लिटरचं ११.८, म्हणजे इव्हॅपोरेटरला खरंच फायदा. शेवटच्या १८ तासांत पेशी दमलेल्या असतात, तेव्हा साखर खाऊन आम्ल कमी आणि देखभालीतच जास्त असं झालं तर यील्ड ०.५ ची ०.४७ होते, किलोमागे साखर २.५. आता पाणी वाचलं ते जास्त की साखर वाढली ती, हे वाफेच्या आणि साखरेच्या भावावर ठरणार. तुमच्या मालाला उलटंही लागू पडेल, मी नाही म्हणत नाही. पण टायटर एकट्याला बघून काहीच ठरत नाही.

जुना_वाचक

या चर्चेत इतिहासातली दोन-तीन उदाहरणं यायला हवीत म्हणून लिहितो. १९८० च्या सुमारास ब्रिटनमध्ये बिलिंगहॅमला आयसीआय या रसायन कंपनीनं मेथॅनॉलवर वाढणाऱ्या जिवाणूपासून पशुखाद्याचं प्रथिन काढायला १,५०० घनमीटरचा एअरलिफ्ट (हवेच्याच जोरावर ढवळला जाणारा) फर्मेंटर उभा केला, मालाचं नाव प्रुटीन. एवढी प्रचंड टाकी निर्जंतुक ठेवून सतत चालवली, इंजिनिअरिंग म्हणून आजही थक्क करणारं काम. पण विकायचं होतं सोयाबीनच्या पेंडीशी स्पर्धा करत. ऊर्जेच्या भाववाढीनं मेथॅनॉल महाग झालं, सोया स्वस्त राहिली, आणि प्रकल्प बंद करावा लागला. हिशोबनीस यांची पहिली ओळ, कच्चा माल भागिले यील्ड आणि समोर बाजारभाव, तिथे तंतोतंत लागू पडते.

मलेरियावरच्या आर्टेमिसिनिन या औषधाचंही तसंच. यीस्टमधून लिटरला २५ ग्रॅम आर्टेमिसिनिक आम्ल, पुढे रसायनानं औषध, २०१३ मध्ये सनोफी या औषध कंपनीनं इटलीत उत्पादन सुरू केलं. विज्ञान अव्वल होतं. पण वनस्पतीपासून काढलेल्या आर्टेमिसिनिनचा भाव दरम्यान उतरला आणि किण्वनाचा माल त्याच्यापुढे टिकेना. स्पर्धकाचा भाव स्थिर राहील असं कोणी गृहीत धरू नये.

आणि चांगलं उदाहरण पण द्यायला हवं. १,३-प्रोपेनडायॉल (पॉलिस्टरसारख्या धाग्यांचा कच्चा माल), ड्यूपाँ आणि टेट अँड लाइल यांचा २००६ सालचा अमेरिकेतला प्लांट, मक्याच्या साखरेवर. तिथे टायटर लिटरला १३० ग्रॅमच्या पुढे नेला, पण यील्डवरही तितकंच काम केलं.

पेशीपालक

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं शिकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. बसून एक तक्ता केला. यील्ड ०.५ ची ०.६ केली तर साखर २.३५ वरून १.९६ वर येते, म्हणजे किलोमागे ०.३९ एकक वाचतं, आणि जळणारी साखर कमी झाल्यामुळे ऑक्सिजन, उष्णता, हवा सगळंच खाली येतं, हे मला आधी सुचलंच नव्हतं. टायटर तोच ठेवून वेग वाढवला तर मात्र टाक्या कमी होतात पण दर टाकीची उष्णता वाढते. म्हणजे मी आता यील्ड आधी, मग कमी पीएच, मग तापमान आणि शेवटी टायटर असा क्रम लावलाय. पुढचं गणित सॉफ्टवेअरमध्ये करावं म्हणतो, कोणतं घेऊ?

हिशोबनीस

क्रम पटला. सुपरप्रो डिझायनर बॅच प्लांटच्या वेळापत्रकासाठी सोयीचं आहे, लायसन्स विकत घ्यावं लागतं. पायथॉन येत असेल तर बायोस्टीम ही मोफत लायब्ररी आहे, एकाच वेळी यील्ड, टायटर, रिकव्हरी, साखरेचा भाव सगळं बदलून हजारो वेळा हिशोब चालवता येतो, तुमच्या पट्ट्यासाठी तेच बरं. मात्र कागदावरचा मास बॅलन्स जवळ ठेवा, सॉफ्टवेअरचं उत्तर त्याच्याशी जुळलं नाही तर आधी सॉफ्टवेअरमधली एंट्री तपासा.

आणखी एक, छापलेल्या अभ्यासांशी तुलना करताना त्यांनी 'एन्थ प्लांट' धरलाय का ते बघा. अमेरिकेच्या एनआरईएल या अक्षय ऊर्जेच्या सरकारी प्रयोगशाळेचा मक्याच्या ताटांपासून इथेनॉलचा २०११ चा अभ्यास, रोज २,००० टन कोरडा कच्चा माल, गॅलनला २.१५ डॉलर, तेही २००७ च्या डॉलरमध्ये, हा सगळा असे बरेच प्लांट आधी उभे राहून शहाणपण आलेलं आहे असं धरून काढलेला आकडा आहे. तुमचा पहिला प्लांट. त्याला सुरुवातीचे महिने, फुकट गेलेल्या बॅच आणि राखीव रक्कम वेगळी धरावी लागेल.

गाळणी

कमी पीएचचे प्रयोग कराल तेव्हा एक करा, शेवटचा ब्रॉथ फेकू नका. नुसता टायटर मोजून थांबू नका, तो गाळून बघा, किती वेळात गाळला जातो, रंग किती, उरलेली साखर किती. उरलेली साखर लिटरला ५ ग्रॅमच्या वर असेल तर इव्हॅपोरेटरमध्ये रंग चढतो आणि क्रिस्टल नीट धरत नाहीत. आमच्याकडे एका मालाचा शेवटचा आयन एक्स्चेंज कॉलम फक्त त्या रंगासाठी लावावा लागला होता.

पेशीपालक

हे लगेच करतो. पुढच्या बॅचपासून पीएच ३.५ आणि ५ अशा दोन्ही ठेवतोय, दोन्हीचा ब्रॉथ गाळून उरलेली साखर मोजून इथेच आकडे टाकतो. वाफ_आणि_पाणी, ३६ अंशाला वाढ बघताना ऑक्सिजनचा खप कसा मोजावा, बाहेर पडणाऱ्या वायूवरून?

वाफ_आणि_पाणी

हो, वायूवरूनच. आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेतला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही मोजा, हवेचा प्रवाह नीट कॅलिब्रेट केलेल्या मीटरनं. बाहेरच्या वायूतलं पाणी आधी थंड करून काढा, नाहीतर ऑक्सिजनचा खप आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. तासातासाचा आलेख काढा आणि मला त्यातला सगळ्यात उंच बिंदू सांगा, सरासरी नको. कॉइल आणि कॉम्प्रेसरचा आकार त्याच बिंदूवर काढायचाय.